अंड्यात घडणाऱ्या टी पेशी

पोल्ट्रीत पिल्ले मरायला लागली की पशुवैद्यक दोन-चार मेलेली पिल्ले उघडून बघतो. काळीज, आतडी, प्लीहा बघून झाली की तो मानेची कातडी चिरतो. मानेच्या दोन्ही बाजूंना, मोठ्या शिरेला लगटून, जबड्यापासून छातीपर्यंत फिकट रंगाच्या चपट्या खंडांची एकेक रांग दिसते. एका बाजूला साधारण सात, दोन्ही मिळून चौदा. ही पक्ष्यांची थायमस ग्रंथी. खंड भरदार असले तर ठीक. ते सुकून बारीक झालेले, रंग उडालेले दिसले तर पिल्लाची प्रतिकारशक्ती ढासळली होती, हे तिथेच कळते.

माणसात हीच ग्रंथी छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर असते. जागा वेगळी, आकार वेगळा, पण काम तेच: टी पेशी घडवणे. या पांढऱ्या पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना ओळखून मारतात, कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या पेशींवर लक्ष ठेवतात आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना मदत करतात. टी पेशी कशा घडतात याविषयी आज जे ठाऊक आहे त्यातला मोठा वाटा कोंबडीच्या अंड्याने दिला आहे. त्याचे कारण साधे आहे. उंदराचा गर्भ आईच्या पोटात लपलेला असतो. कोंबडीचा गर्भ एकवीस दिवस कवचाआड असतो. कवचाला बारीक खिडकी पाडायची, आत हवी ती कलाकुसर करायची, खिडकी बंद करून अंडे पुन्हा उबवणी यंत्रात ठेवायचे, हे कुशल हातांना जमते.

पक्ष्यांत आणखी एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. त्यांच्यात टी आणि बी पेशींचे कारखाने वेगवेगळ्या अवयवांत आहेत. टी पेशी मानेतल्या थायमसमध्ये आणि बी पेशी शेपटीकडे, विष्ठामार्गाच्या वरच्या बाजूला असलेल्या ‘बर्सा’ नावाच्या पिशवीत. ही पिशवी पादुआचे शरीररचनाकार फाब्रिसियस यांनी पाहिली होती आणि तिचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापले गेले. पण ती काय करते हे कळायला सव्वातीनशेहून जास्त वर्षे गेली. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने कोवळ्या पिल्लांची बर्सा काढून टाकली होती. तीच कोंबडी दुसऱ्या विद्यार्थ्याने, टिमथी चँग यांनी, प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवायला वापरली, तर त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. यावर लिहिलेला निबंध ‘सायन्स’ने परत पाठवला. तो १९५६ मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला आणि वैद्यकातल्या फारशा कुणाच्या नजरेत आला नाही.

थायमसचे काम १९६१ मध्ये लंडनमध्ये जाक मिलर यांनी उंदरात दाखवले. जन्मल्याबरोबर थायमस काढलेले उंदीर संसर्गाने खंगत आणि परक्या उंदराची कातडी लावली तरी ती झिडकारत नसत. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये झेनबर्ग आणि वॉर्नर यांनी कोंबडीत दाखवले, की प्रतिकाराची ही दोन कामे वेगवेगळ्या अवयवांवर अवलंबून आहेत. १९६५ मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी नुकत्याच उबलेल्या पिल्लांची बर्सा किंवा थायमस काढून, शिवाय किरणोत्साराने उरल्यासुरल्या पेशी मारून, हा मामला निकाली काढला. बर्सा गेली तर प्रतिपिंडे गेली. थायमस गेली तर परकी कातडी झिडकारण्याची ताकद गेली. प्रतिकारशक्तीचे दोन हात आहेत, हे आज शाळेच्या पुस्तकात असलेले ज्ञान असे कोंबडीच्या खुराड्यातून आले. मिलर आणि कूपर यांना २०१९ मध्ये त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

मग पुढचा प्रश्न उभा राहिला. थायमसमध्ये भरलेल्या या लक्षावधी पेशी मुळात येतात कुठून?

बराच काळ समज असा होता की थायमसच्या अस्तरातल्या पेशीच रूप बदलून टी पेशी होतात. १९६७ मध्ये मॅल्कम मूर आणि जॉन ओवेन यांनी दोन अंड्यांतल्या गर्भांच्या रक्तवाहिन्या जोडून दिल्या. एक गर्भ नर, एक मादी. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रे वेगवेगळी आणि नराची सारखी असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कुणाची हे सांगता येते. नराच्या थायमसमध्ये मादीच्या पेशी सापडल्या आणि मादीच्या थायमसमध्ये नराच्या. म्हणजे टी पेशींचे पूर्वज रक्तातून वाहत थायमसमध्ये येतात.

त्याहून देखणा पुरावा फ्रान्सच्या निकोल ल द्वारँ यांनी दिला. कोंबडी आणि जपानी बटेर यांचे गर्भ सुरुवातीला सारखेच दिसतात आणि एकाचा तुकडा दुसऱ्यात बसवला तर तो तिथे वाढतो. फरक असा, की बटेरच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रद्रव्याचा एक ठळक गोळा असतो. योग्य रंग दिला की तो डोळ्यात भरतो. कोंबडीच्या पेशीत तो नसतो. १९६९ मध्ये ल द्वारँ यांनी ही खूण वापरायला सुरुवात केली आणि गर्भातली कोणती पेशी कुठून कुठे गेली, हे प्रथमच नेमके सांगता येऊ लागले.

१९७५ मध्ये ल द्वारँ आणि फ्रान्सीन जोतरो यांनी बटेरच्या थायमसचा कोवळा अंकुर कोंबडीच्या गर्भात बसवला. अंकुर पाचव्या दिवसाआधी काढलेला असेल तर त्याचे अस्तर बटेरचे राहिले, पण आत भरलेल्या सगळ्या लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशींच्या वर्गातल्या, पेशी कोंबडीच्या निघाल्या. अंकुर सहाव्या दिवसानंतर काढला तर आधी बटेरच्या पेशी दिसल्या आणि काही दिवसांनी त्यांची जागा कोंबडीच्या पेशींनी घेतली. यातून दोन गोष्टी कळल्या. अस्तर थायमसचे स्वतःचे असते, तर टी पेशींचे पूर्वज बाहेरचे. आणि हे पूर्वज सतत झिरपत येत नाहीत, ठरावीक वेळीच येतात.

कालव्याला जसे आवर्तन सुटते, तसेच हे आहे. कोंबडीच्या गर्भात पहिले आवर्तन साधारण साडेसहाव्या दिवशी सुरू होते आणि आठव्या दिवसाच्या सुमारास थांबते. दुसरे बाराव्या ते चौदाव्या दिवशी. तिसरे अठराव्या दिवसापासून पिल्लू बाहेर पडायच्या सुमारापर्यंत. मधल्या काळात रक्तात पूर्वज पेशी असल्या तरी थायमस त्यांना आत घेत नाही. पूर्वज जिथून येतात त्या जागाही बदलतात. पहिल्या खेपेचे पूर्वज गर्भाच्या महारोहिणीभोवती तयार होतात, नंतरच्या खेपांचे अस्थिमज्जेतून येतात. पिवळ्या बलकाभोवतीच्या रक्ताला यात जवळजवळ स्थान नाही. गर्भाचे कायमचे रक्त गर्भाच्या स्वतःच्या शरीरात बनते, बलकाच्या पडद्यात नव्हे, हे फ्रान्स्वाज दिएतर्लां-लिएव्र यांनी १९७५ मध्ये बटेरचा गर्भ कोंबडीच्या बलकावर बसवून दाखवले होते.

थायमसचे घरही दोन ठिकाणचे साहित्य आणून बांधलेले असते. आतले अस्तर घशाच्या तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यातून येते. त्याला आधार देणारी ऊती मात्र गर्भाच्या पाठीवरून, जिथे पुढे मज्जारज्जू होतो त्या कडेवरून, स्थलांतर करून आलेल्या पेशींची असते. त्या पेशींना ‘न्यूरल क्रेस्ट’ म्हणतात. १९८४ मध्ये बॉकमन आणि कर्बी यांनी कोंबडीच्या गर्भातला या पट्टीचा एक भाग काढला, तेव्हा थायमस खुरटी झाली किंवा झालीच नाही आणि हृदयातही दोष आले. माणसाच्या काही बाळांत हीच जोडी दिसते. जन्मजात हृदयदोष आणि जवळपास नसलेली थायमस, याला डीजॉर्ज सिंड्रोम म्हणतात. मुलांच्या डॉक्टरांना जे कोडे वाटत होते त्याचा एक धागा असा अंड्यात सापडला.

आता आत आलेल्या पूर्वज पेशीचे काय होते ते पाहू. थायमसच्या प्रत्येक खंडाला बाहेरचा दाट थर असतो आणि आतला विरळ गाभा. पूर्वज पेशी आत आली की भराभर विभागते आणि आपल्या पृष्ठभागावर एक ग्राही, म्हणजे परके रेणू पकडणारे प्रथिन, बनवायला लागते. त्याची जनुके तयार मिळत नाहीत. जनुकांचे सुटे तुकडे असतात. प्रत्येक पेशी त्यांतले काही निवडते, कापते, जोडते आणि जोडाच्या ठिकाणी काही अक्षरे घालते किंवा गाळते. त्यामुळे जवळपास प्रत्येक नवी टी पेशी वेगळा ग्राही घेऊन येते. पुढे कोणता विषाणू येणार हे कुणालाच माहीत नसताना लाखो प्रकारचे ग्राही आधीच तयार ठेवण्याची ही पद्धत आहे.

या ग्राहींची दोन मुख्य घराणी आहेत: गॅमा-डेल्टा आणि अल्फा-बीटा. कोंबडीत अल्फा-बीटाच्या दोन शाखा आहेत, कारण बीटा जनुकांचे दोन गट आहेत. अलाबामात मॅक्स कूपर आणि चेन-लो चेन यांच्या गटाने १९८० च्या दशकात या तिघांना ओळखणारी वेगवेगळी प्रतिपिंडे बनवली. त्यांना टीसीआर १, २ आणि ३ अशी नावे पडली आणि गर्भाच्या थायमसमध्ये कोण केव्हा येतो हे दिसू लागले. गॅमा-डेल्टा पेशी बाराव्या दिवसाच्या सुमारास, अल्फा-बीटाची पहिली शाखा पंधराव्या आणि दुसरी अठराव्या दिवशी. बाहेर पडण्याचा क्रमही हाच. गॅमा-डेल्टा पेशी पंधराव्या दिवसापर्यंत प्लीहेत पोचलेल्या असतात. पहिली अल्फा-बीटा शाखा पिल्लू बाहेर यायच्या एक-दोन दिवस आधी निघते. दुसरी शाखा शरीरात पसरते ती पिल्लू कवच फोडून बाहेर आल्यावर.

या दोन घराण्यांचा थायमसमधला मुक्कामही वेगळा आहे. गॅमा-डेल्टा पेशी बाहेरच्या थरात फार रेंगाळत नाहीत. मोठ्या प्रमाणावर विभाजन न करता त्या लगेच गाभ्यात उतरून बाहेर पडतात. अल्फा-बीटा पेशी मात्र बाहेरच्या थरात राहतात, पटापट वाढतात आणि त्यांची कसून निवड होते. अवयव रोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध गर्भाला दिले, तर अल्फा-बीटा पेशींची वाढ खुंटते, पण गॅमा-डेल्टा पेशी फारशा अडत नाहीत. म्हणजे एकाच ग्रंथीत दोन वेगळ्या पद्धतींनी काम चालते.

प्रौढ कोंबडीच्या रक्तातल्या टी पेशींत गॅमा-डेल्टांचा वाटा वीस टक्क्यांपासून जवळजवळ निम्म्यापर्यंत असू शकतो. माणसात आणि उंदरात तो सहसा पाच टक्क्यांच्या आत असतो. गाय, मेंढी, डुक्कर यांच्यातही हा वाटा मोठा आहे. तेव्हा आधी येणाऱ्या आणि इतक्या संख्येने असणाऱ्या या पेशी जगण्याला अत्यावश्यक असणार, असे कुणालाही वाटेल. म्युनिकमधल्या संशोधकांनी जनुकबदल करून दोन प्रकारच्या कोंबड्या तयार केल्या आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अल्फा-बीटा पेशी नसलेली पिल्ले कोवळ्या वयातच गंभीर आजारी पडली. गॅमा-डेल्टा नसलेली पिल्ले मात्र वरवर ठणठणीत होती. निगराणीतल्या स्वच्छ पिंजऱ्यात तरी त्यांची उणीव भासली नाही. दोन अल्फा-बीटा शाखांचीही कामे एकसारखी नाहीत. पहिली शाखा दडपली तर आतड्याच्या आणि श्वासमार्गाच्या अस्तराला जपणारे आयजीए हे प्रतिपिंड बनत नाही, हे १९९१ मध्ये दिसले. दुसरी शाखा आतड्याकडे फारशी जातच नाही.

आता निवडीकडे येऊ, कारण थायमसचे सर्वांत नाजूक काम तेच आहे. ग्राही योगायोगाने जुळवलेले असतात, म्हणून त्यातले बरेच निरुपयोगी निघतात आणि काही घातक. टी पेशी परका रेणू सुटा ओळखत नाही. शरीराच्या पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवतात आणि टी पेशी ते वाचते. त्यामुळे थायमसच्या बाहेरच्या थरात पहिली अट असते: स्वतःच्या एमएचसीशी थोडी तरी ओळख पटली पाहिजे. पटली नाही तर पेशी तिथेच मरते. दुसरी अट गाभ्यात. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना जी पेशी घट्ट चिकटते ती सोडायची नाही, नाहीतर ती बाहेर जाऊन आपल्याच अवयवांवर हल्ला करेल. थायमसमध्ये तयार होणाऱ्या बहुसंख्य पेशी अशा बाहेर न पडताच संपतात.

हा ‘आपले’ आणि ‘परके’ यांतला फरक जन्मजात नसतो, थायमसच तो घडवते, हे सर्वांत ठसठशीतपणे दाखवणारा प्रयोग १९८७ मध्ये ल द्वारँ यांच्या प्रयोगशाळेत झाला. चार दिवसांच्या कोंबडीच्या गर्भाला बटेरच्या पंखाचा अंकुर जोडला. अंड्यात तो पंख छान वाढला. पिल्लू एक बटेरचा पंख घेऊन बाहेर आले. पण बाहेर आल्यावर काही दिवसांतच त्याच्या टी पेशींनी तो पंख परका ठरवला, तो सुजला, सुकला आणि गळून पडला. मग दुसऱ्या गर्भात पंखाबरोबर त्याच बटेरच्या थायमसचे अस्तरही बसवले, तेही पूर्वज पेशी त्यात शिरण्याआधी. आता टी पेशी कोंबडीच्याच, पण त्या घडल्या बटेरच्या अस्तरात. या पिल्लांनी बटेरचा पंख स्वीकारला आणि बऱ्याच पिल्लांत तो टिकून राहिला.

यात एक बारकावा होता. पिल्लाच्या थायमसचे सगळे खंड बटेरच्या अस्तराचे नव्हते. काही खंड कोंबडीचे स्वतःचेच होते आणि तिथे बटेरला परके मानणाऱ्या टी पेशी तयार होतच असणार. तरी पंख वाचला. म्हणजे घातक पेशी मारून टाकणे एवढेच थायमसचे काम नाही. ती अशाही काही पेशी बाहेर पाठवते, ज्या दुसऱ्या टी पेशींना आवर घालतात. या ‘नियामक’ टी पेशी पुढे उंदरात आणि माणसात सविस्तर अभ्यासल्या गेल्या. त्या कामासाठी साकागुची, रॅम्सडेल आणि ब्रंको यांना २०२५ चे नोबेल मिळाले. संधिवातापासून लहान मुलांच्या मधुमेहापर्यंतच्या स्वप्रतिकारक आजारांचा विचार आज याच वाटेने होतो.

हे सगळे प्रयोगशाळेपुरते असते तर सामान्य वाचकाला त्याचे एवढे अगत्य नसते. पण टी पेशींवर कोंबडीपालनाचे सारे अर्थकारण उभे आहे. १९०७ मध्ये हंगेरीचे पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी कोंबड्यांच्या पायांना लकवा आणणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी तो ‘मरेक्स’ म्हणून आहे. त्याच्या मुळाशी नागीण-कुळातला विषाणू आहे, हे इंग्लंडमध्ये चर्चिल आणि बिग्ज यांनी १९६७ मध्ये दाखवले. हा विषाणू टी पेशींत दडून बसतो आणि त्यांचाच कर्करोग करतो. टर्कीच्या निरुपद्रवी विषाणूपासून बनवलेली लस १९७० च्या सुमारास आली. कर्करोग रोखणारी, मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली ही पहिली लस. ती हॅचरीत पिल्लू बाहेर पडले त्याच दिवशी मानेच्या कातडीखाली टोचतात किंवा अठराव्या दिवशी यंत्राने थेट अंड्यात देतात.

या रोगापुढे सगळ्या कोंबड्या सारख्या नसतात. बी-२१ या एमएचसी प्रकारच्या कोंबड्या बऱ्याच टिकतात, बी-१९ प्रकारच्या सहज बळी पडतात. कोंबडीचा एमएचसी फार आटोपशीर आहे. १९९९ मध्ये जिम कॉफमन यांच्या गटाने त्याचा क्रम वाचला, तेव्हा सुमारे ९२ हजार अक्षरांच्या पट्ट्यात १९ जनुके मिळाली. माणसाच्या एमएचसीचा पसारा लाखो अक्षरांचा आणि दोनशेहून जास्त जनुकांचा आहे. टी पेशींना दाखवण्याचे मुख्य रेणू कोंबडीत इतके कमी आहेत की एका प्रकारचा गुण किंवा दोष थेट कळपाच्या मरतुकीत दिसतो.

थायमसवर थेट घाव घालणारा विषाणूही आहे. चिकन अॅनिमिया विषाणू दोन-तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांत अस्थिमज्जेतल्या पेशी आणि थायमसच्या बाहेरच्या थरातल्या पेशी मारतो. सुरुवातीला ज्या सुकलेल्या खंडांचा उल्लेख आला, ते याच रोगात वारंवार दिसतात. आईकडून बलकातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाला या काळात वाचवतात. म्हणून इथे लस पिल्लाला नव्हे, तर अंडी घालायच्या आधी आईच्या कळपाला देतात. गंबोरो रोगाचा विषाणू हा याचा जोडीदार, तो बर्सा खातो. ओलसर मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन दोन्ही अवयव आक्रसवते. गर्दी, उष्मा, वाहतूक यांचा ताण पडला की वाढणारे कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरकही थायमसमधल्या कोवळ्या पेशी मारते.

पिल्लू मोठे होऊन अंड्यावर येण्याच्या वयाला थायमस हळूहळू आक्रसू लागते. माणसातही पौगंडावस्थेनंतर तसेच होते. तोवर तिने पाठवलेल्या टी पेशी रक्तात, प्लीहेत आणि आतड्यांत वस्ती करून बसलेल्या असतात. पुढचे आयुष्य बहुतांशी त्यांच्यावरच निभवायचे असते.

म्हणजे कोंबडीच्या टी पेशींची पायाभरणी अंड्यातल्या एकवीस दिवसांत आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत होते, आणि त्या काळात झालेली हानी पुढे खाद्य, औषध किंवा टॉनिक घालून पुरती भरून निघत नाही. म्हणून पिल्ले घेताना दराबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: आईच्या कळपाला अॅनिमियाची लस दिली होती का, आणि पिल्लांना अंड्यात किंवा पहिल्या दिवशी मरेक्सची लस दिली आहे का. उत्तर दोन्ही वेळा ‘हो’ असेल तरच पिल्ले घ्या, आणि पहिले तीन आठवडे ती कोरड्या लादीवर, स्वच्छ खाद्यावर, गर्दी न करता वाढवा.